कार्तिकानंतरची तुळस

कार्तिक शुद्ध एकादशीला नरसी नामदेवात संत नामदेवांची जयंती असते आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर तुळशीची लग्नं लागू लागतात. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये नामदेवांचा जन्म झाला. हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधू नदीच्या काठचं हे गाव त्यांचं जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांचं श्रद्धास्थान आहे. आषाढीची वारी पंढरपूरला झाली की आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी इथे गर्दी लोटते. आलेल्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, दिंडीतल्या बायांच्या डोक्यावर तुळशीचं वृंदावन असतं. या गावात तुळशीची महती कुणाला सांगावी लागत नाही.

द्वादशी ते पौर्णिमा या दिवसांत वृंदावनाला गेरू-चुना लागतो, उसाचा मांडव होतो, चिंचा-आवळे-बोरं मांडली जातात, मंगलाष्टकं होतात. पुढे मार्गशीर्ष लागतो, थंडी पडते आणि हीच तुळस पानं गाळू लागते. संक्रांत येईपर्यंत कित्येक अंगणांत वृंदावनात नुसत्या करड्या काटक्या उभ्या राहतात. मग घरात कुजबुज सुरू होते. तुळस वाळली म्हणजे घरावर काही येणार, कुणाचा तरी विटाळ झाला असणार, कुणाचा तरी पायगुण असणार. हा संशय बहुतेक वेळा त्या घरातल्या सगळ्यात नव्या बाईवर जाऊन थांबतो.

तुळस वाळण्यामागे कारण असतं, आणि ते माती, पाणी, ऊन, थंडी किंवा कीड यांतच सापडतं. ते शोधता येतं आणि वेळेत सापडलं तर झाड वाचवता येतं. त्यासाठी लागणारी समज बाहेरून आणायची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यात ती शेताशेतात आहे. बांधावरची ही अक्कल अंगणात पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे.

हळदीला कळतं ते तुळशीला का कळू नये

हा जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या बाजार समितीतल्या हळदीच्या यार्डाला संत नामदेवांचंच नाव आहे. वसमतला हळदीचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं आहे. इथल्या हळदकऱ्याला रात्री झोपेतून उठवून विचारलं, की या पिकाचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तरी तो सांगेल : कंदकूज. पावसाळ्यात वावरात पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, पिथियमसारख्या बुरशीला रान मोकळं मिळतं, पानं कडेनं पिवळी पडून वाळतात आणि कंद उकरला तर तो मऊ पडलेला, वास मारणारा निघतो. म्हणून तो गादीवाफे करतो, चर काढतो, पाणी बाहेर काढून देतो, शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून टाकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स आणतो. वाफसा असल्याशिवाय रानात पाय घालत नाही.

तोच माणूस घरी येतो. दारात तुळस असते सिमेंटच्या तयार वृंदावनात, फरशीच्या चौथऱ्यात किंवा तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात. डब्याला खाली भोक नसतं. असलंच तर ते मातीनं बुजलेलं किंवा फरशीला चिकटलेलं असतं. घरातला जो कुणी आंघोळ करून येईल, तो तांब्याभर पाणी घालतो. पाच माणसांच्या घरात पाच तांबे. शेतात हळदीला असं पाणी कुणी देत असेल, तर हाच माणूस त्याला वेड्यात काढील.

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा स्वभावही इथे लक्षात घ्यायला हवा. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली ही माती चिकणमातीनं भरलेली असते. पाणी लागलं की फुगते, आतल्या हवेच्या जागा बंद होतात. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. वावरात तिला खोली आहे, उतार आहे, त्यामुळे तिचा हा स्वभाव चालून जातो. डब्यात कोंडली की पावसाळ्यात ती चिखल होते आणि उन्हाळ्यात वीट. जुन्या वाड्यांतली मातीची, दगडविटांची वृंदावनं बहुधा खालून जमिनीला मोकळी असत, त्यामुळे जास्तीचं पाणी जमिनीत मुरून जाई. चकचकीत टाइलचं नवं वृंदावन दिसायला देखणं असलं तरी त्यात पाण्याला वाट नसते.

डब्यातली तुळस

नरसीच्या परिसरातल्या एका घरी अशी तुळस पाहिली. हिवाळा नुकता सुरू झाला होता. झाड कंबरेएवढं, शेंड्यांवर मंजिरीचे वाळके तुरे, खालची पानं पिवळी आणि वरची मान टाकलेली. घरातल्या सुनेनं सांगितलं, ‘रोज पाणी घालायले, तरी वाळायलीच बघा.’ शेजारी बसलेल्या सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या गप्प राहण्यातही बरंच काही होतं.

सकाळची वेळ होती. दुपारच्या उन्हात मान टाकलेली तुळस संध्याकाळी सावरत असेल, तर तिला ऊन लागलंय किंवा पाणी कमी पडलंय. गारव्यात, सकाळीच मान पडलेली असेल आणि माती ओली असेल, तर दुखणं मुळात आहे. मातीत दोन पेरं बोट घातलं. वरचा पापुद्रा कडक आणि खाली गाळ. पापुद्र्यात कुंकू, अक्षता, अगरबत्तीच्या काड्या आणि तुपाचा थर होता.

त्या सासूबाईंची, मावशींची, परवानगी घेऊन डबा आडवा केला आणि कडेनं थोपटत झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलं. आंबूस, कुजका वास आला. वरच्या चार बोटांतल्या मुळ्या अजून पांढरट आणि टणक होत्या. त्याखालच्या तपकिरी झाल्या होत्या, आणि चिमटीत धरून ओढल्या की साल सुटून हातात यायची, मागे नुसता दोरा राहायचा. डब्याच्या तळाशी बोटभर पाणी साठलेलं होतं. मावशींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ह्येला तर पाणी लागलंय की. हळदीला लागतं तसंच.’ रोगाचं निदान त्यांनीच केलं. आयुष्यभर हळद लावलेल्या, निंदलेल्या आणि काढलेल्या बाईचे डोळे होते ते. आजवर कुणी तुळस उपटून मूळ दाखवलं नव्हतं, कारण तुळस उपटायची नसते.

बुडालेलं मूळ पाणी घेऊ शकत नाही, म्हणून वरचं झाड तहानलेलं दिसतं. तहानलेलं दिसतं म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. कित्येक घरगुती तुळशी या फेऱ्यात जातात. माया करणाऱ्याच्या हातूनच हे होतं, म्हणून ते लवकर ध्यानातही येत नाही.

आधी बघा, मग हात लावा

आजारी तुळशीपुढे उभं राहिलं की पहिली ऊर्मी काहीतरी घालायची असते : खत, ताक, चहाचा चोथा, औषध. ती आवरून आधी खालपासून वरपर्यंत झाड पाहावं.

सुरुवात खोडापासून करावी. फांदीवर नखानं हलकं खरडावं. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली सरकत जावं. जमिनीजवळ हिरवं सापडलं तरी आशा आहे. खोड बुडाशी काळं पडून मऊ झालं असेल, तर ते झाड वाचत नाही. वरच्या हिरव्या फांद्यांची कलमं करून वंश राखावा.

मग पानं. खालची, जुनी पानं सारखी पिवळी होत असतील आणि माती फार ओली नसेल, तर नत्र कमी पडतंय. मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत पुरतं. वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर लोह मिळत नाही. मराठवाड्याच्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. सोयाबीन आणि भुईमूग असे पिवळे पडले की शेतकरी हिराकस फवारतो. कुंडीत चुन्याची भर आपणच घालतो : बोअरचं जड पाणी, वृंदावनाचं ताजं सिमेंट, चुना लावताना आत सांडलेले ओघळ, आणि हळदीला चुन्याची जोड देऊन केलेलं पारंपरिक कुंकू. माती बदलली आणि साठवलेलं पावसाचं पाणी दिलं, की बहुतेक वेळा हिराकसाची गरजही उरत नाही.

पानं एकाएकी पिळवटली, लांबुळकी आणि वाकडी झाली, तर आठवून पाहावं, की चार-आठ दिवसांत जवळपास तणनाशक मारलं होतं का. टू-फोर-डीसारख्या औषधाचा वाऱ्यावर आलेला अंशही रुंद पानांच्या झाडाला असा मुरडतो. तणनाशकाचा पंप अंगणात धुण्याची सवय तर लगेच सोडावी, कारण त्याच अंगणात लेकरं खेळतात.

त्यानंतर पानं उलटी करून पाहावीत. तुळशीची आपली एक खास कीड आहे. जाळीदार पंखांचा, दोन-तीन मिलिमीटरचा हा ढेकूण शास्त्रात कॉक्लोचिला बुलिटा या नावानं ओळखला जातो. पानाखाली कळपानं बसून तो रस शोषतो. पान वळतं, तपकिरी होतं आणि पानामागे डांबराच्या थेंबांसारखे काळे ठिपके दिसतात. ती त्याची विष्ठा असते. उन्हाळ्यात लाल कोळी येतो : पानावर फिकट बारीक टिपके आणि शेंड्यांत तलम जाळं. खोडाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. हिवाळ्यात पानांवर पांढरी पूड बसली तर भुरी.

या सगळ्यांवर शेतातला उरलेला पंप मारून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. तुळशीचं पान तीर्थात पडतं, काढ्यात उकळतं, सर्दी झालेल्या लेकराच्या तोंडात जातं. कपाशीवरचं कीटकनाशक इथे चालत नाही. किडीचे शेंडे खुडून दूर न्यावेत, पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार मारा करावा. पाच टक्के निंबोळी अर्क घरी होतो : पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, गाळलेल्या अर्कात थोडा साबण मिसळून तो संध्याकाळी फवारायचा. आठवड्यानं पुन्हा एकदा. या काळात पानं देवाला वाहू नयेत, पोटातही नेऊ नयेत, नंतरही धुऊन घ्यावीत.

दूध, दिवा आणि मंजिरी

पूजेत काय चुकतं, हे बोलायला लोक कचरतात. बोललं पाहिजे, कारण तुळस जगवणं हाही पूजेचाच भाग आहे.

दूध मुळाशी ओतलं की त्यातली चरबी आणि प्रथिनं मातीवर साय धरतात, आंबतात, मुंग्या आणि बुरशी बोलावतात. नैवेद्याचा एखादा थेंब पडला म्हणून झाड मरत नाही, पण रोजची वाटी त्याला सोसत नाही. गंमत अशी, की हेच दूध पानांवर कामाला येतं. ब्राझीलमध्ये भोपळावर्गीय पिकावर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यात पातळ केलेल्या दुधाच्या फवारणीनं भुरी आटोक्यात आल्याचं दिसलं. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात फवारलेलं, असा प्रयोग तुळशीच्या भुरीवर करून पाहण्यासारखा आहे.

दिवा कोनाड्यात ठेवावा. मातीत खोचलेला दिवा आणि अगरबत्ती खोडाजवळची साल भाजतात. तेल-तूप मातीत झिरपलं की पाणी आत जाईना होतं. वृंदावनाला कोनाडा याचसाठी केलेला असतो. हळद-कुंकू कुंडीच्या कठड्याला लावावं. पाणी घालायचं तर घरानं एकाच माणसाला काम द्यावं. बाकीच्यांनी नमस्कार करून, चमचाभर पाणी वृंदावनाच्या पायथ्याशी सोडावं.

मंजिरीचं दुखणं वेगळं आहे. तुळस एकदा बी धरायला लागली की झाडाची ताकद त्यात जाते, पानं लहान होतात, खोड काष्ठ होतं. लग्नाच्या दिवसांत तुळस मंजिऱ्यांनी भरलेली असते आणि तेव्हाच थंडी तोंडावर असते. थकलेलं झाड आणि उतरता पारा असं दोन्ही एकदम येतं. मंजिरी विठ्ठलाला प्रिय मानली जाते. मग ती कोवळी असतानाच खुडून देवाला वाहावी. वर पानाच्या दोन जोड्यांसकट शेंडा खुडला, की खालच्या दोन्ही बगलांतून फुटवे येतात आणि झाड घेरदार होतं. बियांसाठी दोन-चार तुरे मात्र झाडावर पिकू द्यावेत. द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये, ही घराघरांत पाळली जाणारी रीतही झाडाच्या पथ्यावर पडते, कारण रोजच्या ओरबाडण्यातून त्याला सुट्टी मिळते.

उठवण्याची रीत

त्या डब्यातल्या तुळशीचं पुढे काय केलं, ते क्रमानं सांगतो. कुजलेल्या तुळशीसाठी कुठेही हेच करावं लागतं.

कुजलेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीनं कापून टाकल्या आणि उरलेलं मूळ पाण्यानं धुतलं. मूळ जितकं गेलं तितका वरचा भार कमी करायचा, म्हणून मंजिऱ्या आणि वाळक्या फांद्या काढल्या, जिवंत फांद्याही साधारण एक तृतीयांश छाटल्या. डब्याच्या तळाला खिळ्यानं पाच-सहा भोकं पाडली आणि खाली विटांचे तुकडे देऊन डबा जमिनीपासून उचलला. आत खापऱ्यांचा थर दिला. गाळाची जुनी माती टाकून दिली. एक भाग पोयट्याची माती, एक भाग भरड वाळू आणि एक भाग जुनं शेणखत, त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा. वाळू नसेल तिथे बारीक मुरूम चालतो. झाड आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावलं, खालून निथळेपर्यंत एकदा पाणी दिलं आणि थांबलो.

हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. आठवडाभर झाड कडक उन्हात ठेवायचं नाही, सकाळचं कोवळं ऊन पुरे. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती सुकल्याशिवाय पाणी नाही. नवे फुटवे दिसेपर्यंत खत नाही, कारण जखमी मुळाला खताचे क्षार सोसत नाहीत. पहिल्या दिवसांत उरलेली पानंही गळतात. त्याला घाबरायचं नाही, खोड खरडून हिरवं आहे ना, एवढं बघायचं. मावशींनी सुनेलाच हे काम लावून दिलं आणि घरातल्या बाकी सगळ्यांना तांब्या घेऊन तिकडे फिरकायची बंदी केली. काही आठवड्यांनी सुनेनं फोनवर सांगितलं, की खालच्या गाठींतून जांभळट फुटवे निघालेत.

थंडीची तजवीज वेगळी करावी लागते. तुळस उष्ण हवेची. थंडीच्या लाटेत परभणी-हिंगोलीकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा तिची वाढ थांबते आणि पानं काळपट होऊन गळतात. या थंडीवरचा उपाय नामदेवांच्याच वाटेवर सापडतो. नामदेव नरसीहून पंढरपूर आणि पुढे थेट पंजाबपर्यंत गेले. घुमानला त्यांचं स्थान आहे आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नरसीत गुरुद्वारा आहे, पंजाबातून यात्रेकरू येतात. त्यांच्याकडची थंडी आपल्यापेक्षा किती तरी कडक. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याच्या रात्री तुळशीवर ओढणी किंवा पातळ कापड पांघरायची चाल आहे, ती इथेही उचलण्यासारखी आहे. रात्री कापड टाकावं, सकाळी ऊन येताच काढावं. कुंडी हलवता येत असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावावी. थंडीत पाणी निम्म्यावर आणावं, आणि ते सकाळीच द्यावं.

जुनी जाते, नवी येते

इतकं करूनही तुळस कधीतरी जाते. हे झुडूप दोन-तीन वर्षं जोमानं जगतं, पुढे काष्ठ होऊन ओसरतं. म्हातारं होऊन मेलेली तुळस हा कुणाचा दोष नसतो. आपल्या परंपरेनं ही गोष्ट ओळखली आहे. आषाढ शुद्ध एकादशीला रोप लावावं, चातुर्मासात त्याची पूजा करावी आणि कार्तिकात लग्न लावावं, अशी रीत आहे. पावसाच्या तोंडाशी लावलेलं रोप चार महिन्यांत मंजिरीला येतं. म्हणजे दरसाल नवं रोप, हे त्या रीतीतच धरलेलं आहे. वाळलेलं खोडही वाया जात नाही, वारकऱ्याच्या गळ्यातली माळ त्याच्याच लाकडाच्या मण्यांची असते.

म्हणून दर घरी एका तुळशीमागे दोन रोपं तयारीत असावीत. पिकलेल्या मंजिऱ्या कागदावर झटकून बी कोरड्या डबीत ठेवावं. थंडी ओसरल्यावर भुसभुशीत मातीवर पसरून वर अगदी पातळ माती भुरभुरावी. बी बारीक असतं, खोल गेलं तर उगवत नाही. ऊब आणि ओल मिळाली की आठ-बारा दिवसांत अंकुर दिसतात. कलमासाठी फूल न आलेली, वीतभराहून थोडी लहान फांदी घ्यावी, खालची पानं काढून ओलसर वाळूत सावलीत खोचावी. एखाद्या शाळेनं किंवा बचत गटानं फाल्गुन-चैत्रात बी टाकलं, तर आषाढातल्या परतवारीला नरसीत येणाऱ्या भाविकांच्या हातात रोप देता येईल. हिंगोली जिल्ह्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचं विद्यापीठ जवळ आहे. माती आणि मुळाचं दुखणं दाखवायला दार ठोठावता येतं. हळदीसाठी आपण ठोठावतोच.

या कार्तिकात वृंदावनाला रंग देण्याआधी त्याच्या बुडाशी हात घाला आणि भोक मोकळं आहे का ते पाहा. नसेल तर आधी ते पाडा, मग मांडव घाला. आणि एवढं करूनही पौषात तुळस वाळलीच, तर घरातल्या कुणा बाईकडे बोट दाखवण्याआधी झाड उपटून मूळ बघा. तिथे जे दिसेल ते सगळ्या घराला दाखवा, लेकरांनाही. तुळशीपायी एखाद्या लेकीसुनेनं ऐकून घेतलेले टोमणे त्या दिवशी त्या घरातून संपले पाहिजेत. नवं रोप त्यानंतर लावा.